थकलेलं भाडं आणि मालकाचं कुलूप

जालन्यात थकलेल्या भाड्याचा विषय निघाला की सगळीकडे एकच सल्ला मिळतो. मामा चौकात विचारा, नव्या मोंढ्यात विचारा, अंबड चौफुलीवर चहा पिताना विचारा. "दोन महिने थकले ना? लाइट तोडा. तिसऱ्या महिन्यात कुलूप ठोका. कोर्टात गेलात तर तुमची नातवंडं तारखा करतील." हा सल्ला देणारे गुंड नसतात. निवृत्त शिक्षक असतात, अडतीवर बसणारे असतात, पतसंस्थेचे संचालक असतात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की कधीकधी वकीलही असतात. सल्ला देताना त्यांचा आवाज जराही खाली येत नाही. आपण बेकायदा कृत्य सुचवतो आहोत, हे त्यांच्या गावीही नसतं.

या सल्ल्यामागचं मत पूर्ण मांडायचं तर ते असं: भाडेकरू भाडं थकवतो कारण त्याला थकवायचंच असतं. कायदा त्याच्या बाजूचा आहे. कागद केला की तो घरात पक्का होतो, बारा वर्षं राहिला की घरच त्याचं होतं. कोर्ट निकाल देत नाही, पोलीस तक्रार घेत नाहीत, म्हणून घर आपलं असलेल्या माणसाने स्वतःच्या हिमतीवर किंवा एजंटाच्या मदतीने ते मोकळं करून घ्यावं. या मतातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. काही वाक्यं अज्ञानातून आली आहेत आणि काही सोयीतून. तरीही ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलली गेली आहेत की आता भाडेकरूही ती खरी मानतो आणि मालकाने कुलूप लावलं की मुकाट्याने सामान उचलतो.

कुलूप लावणं म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. चंदनझिऱ्यात, एमआयडीसीला लागून, ओळीने बांधलेल्या खोल्या आहेत. वर पत्रा, समोर सामायिक ओटा, टोकाला एक संडास. त्यातल्या एका दारावर मी दोन कुलपं पाहिली. कडीला भाडेकरूचं पितळी, लहान. त्याच्या वर साखळी ओवून मालकाचं मोठं. खिडकीच्या गजातून आतलं दिसत होतं. गॅसची शेगडी, झाकण घातलेलं पाण्याचं पिंप, भिंतीवर कॅलेंडर आणि त्यावर पेनाने गोल केलेल्या तारखा. प्रत्येक गोलाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भाडे दिले'. शेवटच्या दोन महिन्यांत गोल नव्हते. बाई ओट्यावर बसली होती. मुलीचं दहावीचं हॉल तिकीट आतल्या फळीवर राहिलं होतं आणि ती शेजारणीला एवढंच विचारत होती की मालकाला फोन कोण करील. नवरा रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे कामाला होता. ठेकेदाराने दोन महिने पगार दिला नव्हता. भाडं नेमकं तेवढ्याच दोन महिन्यांचं थकलं होतं.

त्या दारावर काय वसूल होणार होतं? सात हजारांसाठी मालकाने पिंपातलं पाणी, शेगडी, रेशनकार्ड आणि एका मुलीची परीक्षा ओलीस धरली होती. ती बाई पैसे आणणार तरी कुठून? घरात शिरता आलं नाही तर नवऱ्याच्या कामाचे कपडेही बाहेर काढता येत नाहीत. कमावणाऱ्या माणसाचं कमावणं बंद पाडून थकबाकी वसूल झाल्याचं एकही उदाहरण हा सल्ला देणाऱ्यांनी मला दाखवावं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम २९ सांगतं की योग्य कारणाशिवाय मालकाला पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई यांसारखी अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही. स्वतः तोडता येत नाही आणि दुसऱ्या कुणामार्फतही तोडता येत नाही. तोडली तर भाडेकरू कोर्टात अर्ज करून ती पुन्हा सुरू करून घेऊ शकतो आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. हे कलम सगळ्या राज्यासाठी असलं तरी जालन्यात त्याचं वजन जास्त आहे. इथे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या गावाने घाणेवाडीचा तलाव आटलेला पाहिला, २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे धावणारी माणसं पाहिली आणि आज जायकवाडीच्या जलवाहिनीकडे डोळे लावून जे गाव बसलं आहे, त्या गावात भाडेकरूची पाण्याची तोटी बंद करणं हा वसुलीचा मार्ग आहे असं कुणी शांतपणे कसं म्हणू शकतं?

कुलपाचं उत्तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात आहे. कलम ६. ताब्यात असलेल्या माणसाला त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याची रीत सोडून बाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. घर कुणाच्या मालकीचं आहे हा प्रश्न त्या दाव्यात येतच नाही. म्हणजे सात-बारा, पीआर कार्ड, घरपट्टीची पावती सगळं मालकाच्या नावावर असूनही कुलूप लावणारा मालक तिथे हरतो. ज्याचे सात हजार येणं होते, तोच प्रतिवादी होऊन उभा राहतो. आपल्या हक्काच्या पैशांचा दावा सोडून आपल्यावरचा दावा लढायला लावणारा सल्ला मालकाच्या हिताचा कसा?

इथे एक युक्तिवाद ठरलेला असतो. "मग आम्ही काय करायचं? कायदा तर सगळा भाडेकरूचाच." हे वाक्य उच्चारणाऱ्या किती जणांनी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५ वाचलं आहे? भाडं थकलं तर मालकाने लेखी मागणीची नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थांबायचं. तेवढ्यात भाडं आलं नाही तर ताब्याचा दावा लावायचा. दाव्याचं समन्स मिळाल्यावर भाडेकरूला ९० दिवसांची आणखी एक संधी असते. त्यात त्याने सगळी थकबाकी, तिच्यावर वर्षाला १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरायचा, आणि पुढे निकाल लागेपर्यंत दर महिन्याचं भाडं न चुकता भरायचं. भरलं तर घर वाचतं. नाही भरलं तर जातं. यात भाडेकरूचा पक्षपात कुठे आहे? मालकाला पैसे हवे असतील तर पैसे व्याजासकट मिळतात. पैसे मिळाले नाहीत तर घर मिळतं. बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीवर १५ टक्के कुणी देतं का? कायदा मालकाकडून एवढंच मागतो की भाडेकरूला चुकतं करायची संधी द्यावी. ज्याचं गाडं खरंच पैशासाठी अडलं आहे त्याला ही संधी द्यायला अडचण नसते. ज्याला थकबाकीचं निमित्त करून जुना भाडेकरू काढायचा आणि दुप्पट भाड्याने नवा आणायचा आहे, त्याला मात्र हे कलम सलतं.

आणि नोटीस? जालन्यात भाड्याची जी प्रकरणं कानावर येतात त्यांत मालकाने लेखी नोटीस दिल्याचं क्वचितच ऐकायला मिळतं. तोंडी तगादा असतो, फोनवर शिव्या असतात, व्हॉट्सॲपवर लाल अक्षरं असतात. रजिस्टर पोस्टाची एक पावती नसते. तीन-तीन, चार-चार वर्षं भाडं तुंबू द्यायचं आणि मग एका संध्याकाळी चार माणसं घेऊन दारात उभं राहायचं, ही इथली रीत. मुदतीच्या कायद्याप्रमाणे थकलेलं भाडं मागायला तीन वर्षं असतात. पाच वर्षं गप्प बसलेल्या मालकाने दोन वर्षांचं भाडं स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलेलं असतं. ते कोर्टाने बुडवलं, असं तो चौकात सांगतो आणि ऐकणारे मान डोलावतात.

आता कागदाची भीती. माझ्या मते या सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे, आणि मराठवाड्यात ते जास्त खोल गेलं आहे. "लिहून दिलं की भाडेकरू पक्का होतो" हे वाक्य जालन्याच्या जुन्या घरांमधून पिढीजात चालत आलं आहे. त्याला इतिहास आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने शेतजमिनीवरच्या संरक्षित कुळांना मालकीपर्यंतचे हक्क दिले. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात ती आठवण राहिली: कागदावर नाव लागलं आणि जमीन गेली. शेतातली ती धास्ती माणसांनी गावातल्या घराला लावली. वास्तविक घरभाड्याचा कायदा तेव्हाही वेगळा होता. हैदराबाद राज्याने १९५४ मध्ये घरांसाठी भाडे, निष्कासन आणि पट्ट्याचा स्वतंत्र कायदा केला, आणि मराठवाड्यात तोच २००० पर्यंत चालला. घराचा भाडेकरू भाडं देतो म्हणून घराचा मालक झाला, असं त्या कायद्याने कधी म्हटलं नाही आणि आजचा कायदाही म्हणत नाही. बारा वर्षांची गोष्ट तर निव्वळ अफवा आहे. प्रतिकूल ताब्याचा हक्क मालकाविरुद्ध, मालकाला न जुमानता धरलेल्या ताब्यातून सांगता येतो. भाडेकरू मालकाच्या परवानगीने आत आलेला असतो, आणि ज्याच्याकडून ताबा घेतला त्याची मालकी नाकारायला पुराव्याचा कायदाच त्याला बंदी करतो. बारा काय, चाळीस वर्षं भाडं देत राहिलेला माणूस चाळीस वर्षं भाडेकरूच असतो.

कागद टाळणाऱ्या मालकाच्या पदरात प्रत्यक्षात काय पडतं ते पाहा. मुदत घालून रीतसर लिव्ह अँड लायसन्सचा करार केला असता, तर राहायच्या जागेची मुदत संपल्यावर कलम २४ त्याच्या मदतीला आलं असतं. राज्य सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला असता. तिथे समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन, लढण्याची परवानगी आधी मागावी लागते. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मालकासाठी याहून सोपी वाट या राज्याच्या कायद्यात नाही. मात्र त्या वाटेचं दार कराराने उघडतं. ज्याने कागदच केला नाही, त्याचा माणूस महिन्याच्या महिन्याला भाडं देणारा भाडेकरू ठरतो आणि त्याला कलम १५ आणि १६ चं सगळं संरक्षण मिळतं. भाडेकरू पक्का होऊ नये म्हणून कागद टाळला, आणि टाळल्यामुळेच तो पक्का झाला!

कागद केला असं सांगणारेही बहुतेक वेळा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून आलेले असतात. अकरा महिन्यांचा करार आहे, मग नोंदणी लागत नाही, असं त्यांना झेरॉक्सवाल्याने सांगितलेलं असतं. महाराष्ट्रात हे चूक आहे. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, महिने कितीही असोत. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो तो वेगळाच. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे. सहा हजारांच्या खोलीसाठी शुल्क, नोंदणी फी सगळं धरून खर्च दीड हजारांच्या आसपास जातो, आणि नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. तेवढे पैसे वाचवून ज्याने आपल्याच करारातल्या अटी भाडेकरूच्या तोंडी सोपवल्या, त्याला कायदा आंधळा वाटावा हे मला पटत नाही.

कोर्टात उशीर होतो. होतो, त्यावर पांघरूण घालणार नाही. जालन्यात हे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात, वर जिल्हा न्यायालयात अपील होतं आणि त्यात वर्षं जातात. पण उशिरातला किती भाग कोर्टाचा आणि किती भाग आपल्या बेहिशेबीपणाचा? पावती दिलेली नाही, म्हणून किती महिने थकले यावर वाद. भाडं वाढवलं ते लिहिलेलं नाही, म्हणून भाडं चार हजार की पाच यावर वाद. डिपॉझिट रोख घेतलं, म्हणून ते वीस हजार होतं की दहा यावर वाद. या प्रत्येक वादाला साक्षीदार लागतात, उलटतपास लागतो, तारखा लागतात. भाड्याची पावती देणं कलम ३१ ने मालकावर बंधनकारक केलं आहे. चंदनझिऱ्यातल्या त्या बाईकडे पावती म्हणून एक कॅलेंडर होतं, तेही कुलपाच्या आत. मालकाच्या वहीत काय लिहिलं होतं ते मालकालाच ठाऊक. ज्या मालकाने दर महिन्याला पावती फाडली किंवा भाडं थेट खात्यावर घेतलं, त्याचा दावा अशा वादांत अडकत नाही, कारण खोटं बोलायला जागाच उरत नाही.

पोलीस ऐकत नाहीत, ही तक्रार तर मला सगळ्यात अनाकलनीय वाटते. पोलिसांनी यात ऐकायचं काय? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की भाडं न देणं हा गुन्हा नाही. त्याचे दिवाणी परिणाम होतील, फौजदारी नाही. म्हणजे सदर बाजार किंवा कदीम जालना ठाण्यातला जमादार "हा दिवाणी मामला आहे" म्हणतो तेव्हा तो कामचुकारपणा करत नसतो, कायदा सांगत असतो. त्याचा दोष दुसरीकडे आहे. कुलूप लावलेला भाडेकरू त्याच ठाण्यात जातो तेव्हाही त्याला तेच वाक्य ऐकवलं जातं, आणि तिथे ते खोटं असतं. दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात बळजबरीने शिरणं, सामान रस्त्यावर फेकणं, धमकावणं हे गुन्हे आहेत. एकाच वाक्याने दोन्ही तक्रारी परत पाठवल्या की त्यातून बळ मिळतं ते फक्त दांडग्याला.

आता भाडेकरूकडे येऊ. त्याला थकवायचंच असतं, असं म्हणणाऱ्यांना जालना कशावर चालतं ते माहीत नाही का? स्टीलच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून आलेले मजूर, बियाण्यांच्या गोदामांत हंगामी काम करणाऱ्या बाया, मंठा, घनसावंगी, भोकरदनहून शिकायला आलेली पोरं, बदलीवर आलेले कंडक्टर आणि नर्स. यातल्या पहिल्या दोघांचं भाडं ठेकेदाराच्या पगारावर अवलंबून असतं. पगार चुकला की भाडं चुकतं. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले. ते जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे होते आणि टाळेबंदीत मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे जाण्यासाठी रुळावरून चालत निघाले होते. ते भाड्यापायी निघाले असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण काम थांबलं की या शहरात अशा माणसाला आधार देणारं काहीच नाही, हे त्या पहाटेने सगळ्या देशाला दाखवलं. त्याआधी तीन आठवडे, १७ एप्रिलला, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची आणि भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर न काढण्याची सूचना केली होती. तेव्हा सरकारला जे कळलं ते एरवीच्या दिवसांतही खरं आहे. थकबाकीदारांपैकी बरेच जण स्वतःच थकबाकीचे बळी असतात.

मुद्दाम बुडवणारे नसतात का? असतात. पगार खात्यात पडूनही भाडं न देणारे, गळक्या छताचं निमित्त सांगून वर्षभर एक पैसा न देणारे मीही पाहिले आहेत. छत गळत असेल तर कलम १४ प्रमाणे मालकाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. सगळं भाडं बंद करायचा परवाना त्यातून मिळत नाही. मालक भाडं घ्यायलाच नकार देतो, अशीही तक्रार असते. मग मनीऑर्डर करा, खात्यावर पाठवा, परत आलेली मनीऑर्डर जपून ठेवा. द्यायची तयारी होती याचा तोच पुरावा. अशा बुडव्यांसाठीच तर कलम १५ आहे. त्यांच्या नावाने कुलूप लावलं जातं मात्र दुसऱ्याच कुणाच्या दाराला, कारण जो बेरकी असतो त्याच्या दारात कुलूप घेऊन जायची कुणाची छाती नसते. चार माणसं नेली जातात ती ओट्यावर बसलेल्या बाईकडे.

एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. खोली दाखवण्याआधी एजंट काय विचारतो? आडनाव. गाव. काय खाता. आडनाव ऐकून किती दारं बंद होतात हे ज्यांची बंद झाली आहेत त्यांना विचारा. ज्याला दहा ठिकाणी नकार मिळाला आहे तो अकराव्या ठिकाणी पावती मागत नाही, करार मागत नाही, डिपॉझिट रोख का घेता असं विचारत नाही. खोली मिळाली यातच तो गप्प होतो. कागद नसण्याचं खापर त्याच्यावर फोडणं हा शुद्ध अन्याय आहे.

राहिला एजंट, आणि त्याच्याबद्दल मी सौम्य बोलणार नाही. मालक पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला असतो, किल्ल्या एजंटाकडे असतात. एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेऊन त्याचं काम संपायला हवं. संपत नाही. भाडं तोच गोळा करतो, रोख. मालकाला कधी पूर्ण पोचतं, कधी अर्धं. मालक म्हणतो मिळालं नाही, भाडेकरू म्हणतो दिलं, आणि दोघंही खरं बोलत असतात. १८७२ च्या करार कायद्याची भूमिका इथे सरळ आहे. वसुलीसाठी नेमलेल्या माणसाला दिलेलं भाडं मालकालाच दिलेलं असतं. एजंटाने हिशेब दिला नाही तर मालकाने एजंटाला धरावं, भाडेकरूकडे दुसऱ्यांदा हात पसरू नये. आणि तोच एजंट पुढे "मी खोली खाली करून देतो, एवढे द्या" असा नवा दर सांगतो, तेव्हा त्याने नेलेली चार माणसं मालकाच्या नावाने गेलेली असतात. कलम २९ मधले 'दुसऱ्या कुणामार्फत' हे शब्द त्याच्यासाठीच आहेत. फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते, २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही लागते. खोल्या भाड्याने लावणाऱ्याला काहीही लागत नाही. एक मोबाइल आणि ओळखी असल्या की झालं. २ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात भाडं गोळा करणाऱ्या व्यवस्थापकाची कर्तव्यं लिहिली आहेत, राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याच्या वर नको असं म्हटलं आहे. त्यातलं निदान एजंटाबद्दलचं कलम तरी राज्याने उचलावं. जालना आता महानगरपालिका झाली आहे, समृद्धी महामार्ग दारातून गेला आहे, वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. भाड्याच्या खोल्या वाढणारच. त्या अशाच एजंटांच्या हाती सोडायच्या का?

कोर्टाआधीची वाटही आहे आणि ती ओस पडली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधीच अर्ज देता येतो. तिथे किंवा लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ येतं आणि तिच्यावर अपील नाही. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, औद्योगिक कामगारांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना वकील मोफत मिळतो, मग ते भाडेकरू असोत की एका खोलीच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवा मालकीणबाई. "दर महिन्याचं भाडं अधिक थकबाकीतले हजार रुपये" एवढ्या दोन ओळींच्या तडजोडीने यातली कित्येक प्रकरणं मिटतील. प्राधिकरणाने चंदनझिऱ्यात आणि जुन्या जालन्यात भाड्याच्या प्रकरणांसाठी वेगळी बैठक लावावी, अशी माझी जाहीर मागणी आहे.

तोपर्यंत मालकांना मी एवढंच सांगेन की भाडं हे तुमचं येणं आहे आणि येणं वसूल करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, व्याजासकट. करार नोंदवा, पावती द्या, पहिल्या चुकलेल्या महिन्यालाच नोटीस काढा. पण घर भाड्याने दिलं त्या दिवशी त्याच्या आत राहण्याचा हक्क तुम्ही पैसे घेऊन दुसऱ्याला दिला आहे, आणि तो हक्क परत घेण्याचं काम फक्त न्यायालयाचं आहे. तुमचं नाही, तुमच्या मुलाचं नाही, एजंटाचं नाही आणि ठाण्यातल्या साहेबांचंही नाही.

आणि शेजाऱ्यांनो, तुमच्या ओळीतल्या दारावर असं कुलूप पडलं तर "त्यांचं ते बघतील" म्हणून आत जाऊ नका. बाहेर काढलेल्या माणसाकडे दावा लावायला सहाच महिने असतात आणि त्या अवस्थेत त्याला तारीखही आठवत नाही. कुलपाचा फोटो काढा, दिवस आणि वेळ लिहून ठेवा, त्याला विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत घेऊन जा, आणि बोलावणं आलं की साक्षीला उभे राहा.